बैलाच्या आजोबाचं नाव

सकाळी साडेसहाला मित्राचा फोन आला तेव्हा मी अजून रजईतच होतो.

"निंघाला का बे? पट काय तुह्यासाठी थांबते?"

जानेवारीतला रविवार. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. कुडकुडत दुचाकी काढली आणि दिघोरी चौकात पोचलो. तो टपरीपाशी उभा होता. डोक्याला कानटोपी, हातात चहाचा ग्लास आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लांबट वही. आम्ही आठवीपासूनचे मित्र. दोघांचीही पन्नाशी उलटली, पण एकमेकांना 'बे' म्हणायची सवय काही गेली नाही.

"वही कशाले आणली?"

"मंडळाच्या पोट्ट्यायनं मागतली. स्मरणिका काढून राह्यले. म्हणते, आपल्या पटाचा इतिहास पाहिजे."

हा लेख त्या वहीविषयी आहे, आणि दोन शर्यतींविषयी. एक घोड्यांची, एक बैलांची. दोन्ही मी याच मित्रासोबत पाहिल्या. मध्ये साधारण पंचवीस वर्षं गेली.

उमरेडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीचे सडे दिसायला लागतात. ही भिवापुरी मिरचीची जमीन. गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली आणि लाउडस्पीकर ऐकू आला. मित्राच्या गावचा शंकरपट होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात पळतो आणि गाड्याच्या पुढे घोडी धावते. आमच्याकडे घाटही नाही आणि घोडीही नाही. पीक निघालेल्या सपाट वावरात शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आखतात. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर एक धुरकरी. दोन जोड्या एकदम सुटतात. अंतर थोडकं, त्यामुळे सगळा मामला काही सेकंदांचा. पूर्वी पंचांच्या डोळ्यांवर निकाल लागायचा, आता सेकंदाचे बारीक भाग मोजणारं घड्याळ असतं. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर, भंडाऱ्यातलं लाखनी ही पटाची नावाजलेली गावं. तळेगावात तर बायकाही धुरकरी म्हणून जोड्या हाकतात. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत पट आणि नाटक ही जोडगोळीच. दिवसा पट पाहायला आलेले पाहुणे रात्री मंडपात बसून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. लग्नाची बोलणी, जुनी उधारी, भाऊबंदकीतला अबोला, सगळं त्या दोन दिवसांत निकाली निघतं.

मैदानाच्या तोंडाशी पशुवैद्यकीय डॉक्टर बैल तपासत होते. खांबावर फलक होता: तुतारी, चाबूक, काठी आणल्यास जोडी बाद. तुतारी म्हणजे टोकाला आर लावलेली काठी. हा फलक आमच्या लहानपणी नव्हता. तो तिथे कसा आला, हे सांगायला आधी मुंबईला जावं लागेल.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेलो होतो. मुलाखत शनिवारी झाली, परतीची गाडी रविवारी रात्री होती. दिवसभर करायचं काय? मित्र म्हणाला, "घोड्याचा पट पाहू." लोकलने महालक्ष्मीला उतरलो, चालत रेसकोर्सवर गेलो आणि सगळ्यात स्वस्त तिकीट काढून आत शिरलो.

त्या दिवसाचं माझ्या डोक्यात राहिलेलं चित्र घोड्यांचं नाही, एका छोट्या पुस्तकाचं आहे. आत शिरताना सगळे ते विकत घेत होते, म्हणून आम्हीही घेतलं. त्यात प्रत्येक शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची माहिती होती. वय, रंग, पाठीवरचं वजन, मालक, ट्रेनर, जॉकी, मागच्या शर्यतींमधले क्रमांक. आणि आई-बापांची नावं. आजूबाजूचे लोक ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखे वाचत होते. पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरवले जात होते. मित्राने एका तपकिरी घोड्याच्या मांड्या बैलाच्या पारखीने न्याहाळल्या, दहा रुपये लावले आणि घालवले. मग पुस्तकात बराच वेळ नाक खुपसून बसला.

"पाह्य बे," तो म्हणाला, "या घोड्याच्या खानदानाचा हिशोब छापून हाय. माह्या आजोबाचं नाव तर सातबाऱ्यावरही चुकलं हाय."

तेव्हा आम्ही हसलो. पण तो विनोद नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

घोड्यांच्या शर्यतीचा इतिहास हा मुळात कागदाचा इतिहास आहे. शर्यतीच्या घोड्याच्या जातीला थरोब्रेड म्हणतात. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची वंशावळ मागे नेली, की ती तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत हे तिघं पूर्वेकडून इंग्लंडात गेले. १७९१ मध्ये तिथे घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही छापायला सुरुवात झाली, ती आजही चालू आहे. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची अशीच नोंदवही पुण्यात ठेवली जाते. ज्या शिंगराचं नाव त्यात नाही, ते कितीही वेगाने पळालं तरी शर्यतीत उतरू शकत नाही.

मुंबईत आधी शर्यती व्हायच्या त्या भायखळ्याच्या मैदानावर. त्या काळात इराणच्या आखातातून गलबतांनी अरबी घोडे मुंबईत यायचे आणि त्यांचा मोठा बाजार भरायचा. १८८३ मध्ये रेसकोर्स महालक्ष्मीला आलं. १९१२ मध्ये रेसकोर्सना परवाना देण्याचा कायदा झाला. १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब निघाला आणि १९३५ मध्ये त्याच्या नावामागे 'रॉयल' लागलं. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणाऱ्या घोडीचं नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज. बघा, मला ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका घोडीचं नाव सहज सांगता येतं. त्याच १९४३ च्या संक्रांतीला विदर्भातल्या पटांमध्ये कुठल्या जोड्या जिंकल्या, त्यांतल्या एकीचंही नाव मला सांगता येत नाही.

याचा अर्थ त्या बैलांना इतिहास नव्हता असा नाही. आमच्याकडच्या बैलाची जात गवळाऊ. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांत ही गुरं मिळतात. पांढरा-करडा रंग, लांबट तोंड, सडपातळ अंग, उंच पाय. गुरांच्या जातींवरची जुनी पुस्तकं सांगतात की मराठ्यांच्या फौजांचं सामान झपाट्याने हलवता यावं म्हणून ही जात पळण्याच्या गुणावर निवडत निवडत घडवली गेली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालपर्यंत गेल्या. त्या इतिहासात घोडदळाची गणती सापडते. मागून दाणागोटा ओढत येणाऱ्या बैलाच्या वाट्याला फारशी ओळ येत नाही. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. त्याआधी इथला कापूस मिर्झापूरला जायचा, तोही बैलांच्याच जिवावर. रेल्वे आली, पुढे मोटार आली, मग ट्रॅक्टर आला. पळणाऱ्या बैलाला पळायला शेवटी एकच जागा राहिली, ती म्हणजे पट.

आता कायद्याकडे येऊ. तारखा थोड्या जास्त आहेत, पण माझ्या मित्राच्या गोठ्याचं जे झालं ते या तारखांमुळेच झालं.

१२ जानेवारी १९९६. तामिळनाडू सरकारने घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजा बंद करणारा कायदा केला होता. त्याविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा जुगार नाही, तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वंश, त्याची तयारी, मागची कामगिरी, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून पैज लावली जाते, निव्वळ नशिबावर नाही. हे वाचताना मला महालक्ष्मीचं ते पुस्तक आठवलं. अभ्यास करता येतो, कारण अभ्यासाला लागणारं सगळं छापलेलं असतं.

११ जुलै २०११. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात एक यादी आहे. खेळासाठी ज्यांना शिकवायचं नाही आणि ज्यांचं प्रदर्शन करायचं नाही, अशा प्राण्यांची. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह. त्या दिवशी केंद्र सरकारने त्यात बैल घातला. महाराष्ट्रात शर्यती बंद झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी योग्य ठरवली. मग काही काळ कधी परवानगी, कधी मनाई असं चाललं.

७ मे २०१४. सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती दोन्हींवर बंदी घातली. त्या निकालात घोडा आणि बैल यांची तुलना आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याची ठेवण चालण्याची आणि ओझं ओढण्याची. घोड्याची शरीररचना वेगाला अनुकूल, म्हणून त्याचा शर्यतीसाठी उपयोग होऊ शकतो, बैलाचा नाही. त्याचबरोबर शेपट्या पिरगाळणं, टोचणं, मारणं या गोष्टी निकालात नीट नोंदवल्या आहेत, आणि त्या खऱ्या होत्या. लहानपणी मी त्या माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मित्राला मी तेव्हा फोनवर निकालाचा सारांश सांगितला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बैल पळासाठी नाई बनला म्हणते. ठीक हाय. मंग घोड्याले कोनं इचारलं होतं बे, तुले पळाचं हाय का म्हणून?"

त्या वेळी त्याच्या गोठ्यात पटाची एक जोडी होती. अशा जोडीला ढेप, हरभरा, गूळ, तूप, हिवाळ्यात पाठीवर झूल. घरातल्या माणसांपेक्षा बैलांचा खुराक चांगला. पटच बंद झाल्यावर त्या जोडीला भाव येईना. वर्षभर त्याने कसंबसं ओढलं आणि मग नांगराच्या जोडीच्या भावात विकून टाकली. घेणाऱ्याने बैलांची नावं विचारली नाहीत, एवढीच त्याची तक्रार होती.

पुढचं तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांनी जल्लीकट्टूसाठी ठाण मांडलं. तामिळनाडूने कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही दुरुस्ती केली, पण ती मुंबई उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यतींची अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एखादी गोष्ट लोकांच्या संस्कृतीचा वारसा आहे की नाही हे ठरवायचं काम विधिमंडळाचं, न्यायालयाचं नाही, असं घटनापीठ म्हणालं. फलक, डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तुतारीला मनाई, हे सगळं या नव्या व्यवस्थेतून आलं.

या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट खटकत राहिली. घोड्याच्या शर्यतीला कधीच 'परंपरा' म्हणून हात जोडत उभं राहावं लागलं नाही. तिच्याकडे क्लब होता, परवाना होता, वंशावळ होती, निकालांच्या छापील याद्या होत्या. घोड्याचेही पाय मोडतात, त्यालाही चाबूक बसतो, पाय कायमचा गेला तर त्याला बहुतेक वेळा मरणच दिलं जातं. पण त्याची नोंद खेळाच्या हिशोबात होते. पटाकडे यातलं काही नव्हतं. पटाची सगळी माहिती लोकांच्या तोंडात होती आणि ती तोंडं एकेक करून मिटत होती. म्हणून तर स्मरणिका काढणारी पोरं वही मागत होती.

दुपारी मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली आम्ही आलुबोंडा आणि तर्री घेऊन बसलो आणि मित्राने पिशवीतून वही काढली. तांबडा पुठ्ठा, दोऱ्याने पुन्हा शिवलेली. त्याच्या बाबांची. पहिली नोंद १९६८ ची. बाबा चौथी शिकलेले, पण अक्षर टपोरं. तारीख, गाव, कुणाच्या जोडीशी गाठ पडली, जिंकलो का हरलो, बक्षीस काय. बक्षिसं वाचताना मजा येते. पितळी गुंड, फेटा, ५१ रुपये, भिंतीवरचं घड्याळ. एका पानावर लिहिलं होतं: 'शेऱ्या. माय घरची कपिली. बाप आर्वीकडचा वळू. आजा पण पटाचाच.'

मी ते दोनदा वाचलं. महालक्ष्मीच्या पुस्तकात छापतात नेमकं तेच, पेन्सिलीने, एका चौथी शिकलेल्या माणसाने.

"हे पान स्मरणिकेत पहिलं टाका म्हणाव," मी म्हणालो.

"शेऱ्याचं अजून एक पान हाय," मित्र म्हणाला आणि त्याने पुढची पानं उलटली.

१९८६. फक्त तीन ओळी. 'शेऱ्या पडला. पुढचा पाय गेला. धापा टाकत होता तरी मी तुतारी मारली. दोष माझा.' खाली दोन दिवसांनंतरची तारीख आणि एक शब्द, 'विकला'. किती रुपयांना, ते नाही. त्या वहीत रक्कम नसलेला तो एकच व्यवहार.

"कोणाले इकला असंल?" मी विचारलं, आणि विचारायला नको होतं असं वाटलं. मोडक्या पायाचा बैल कोण घेतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

"बाबानं त्या दिसापासून हातात तुतारी नाई धरली," तो म्हणाला. "लोकं हसायचे. हरायचा ना मंग. वहीत पाह्य, त्याच्यानंतर दहा वर्षं एक बक्षीस नाई."

मी पाहिलं. खरंच नव्हतं. पण दरवर्षीची नोंद मात्र होती. हरलो. हरलो. तिसरा आलो. हरलो. २००९ नंतर मित्राचं अक्षर सुरू होतं. २०१४ च्या जानेवारीत एक नोंद, आणि मग नऊ वर्षांनी, २०२३ ची. मधे रिकामी जागासुद्धा सोडलेली नाही. एका ओळीखाली दुसरी ओळ.

तेवढ्यात मंडळाचा एक मुलगा आला. बावीस-तेवीसचा असेल. "काका, वहीचे फोटो काढून घेतो, मंग लगेच परत देतो." त्याने मोबाइल काढला आणि एकेक पान टिपायला लागला. शेऱ्याच्या वंशावळीचं पान पाहून तो खूश झाला. मग १९८६ चं पान आलं. त्याने वाचलं, मोबाइल खाली केला आणि मित्राकडे पाहिलं.

"काका, हे राहू देऊ का? उद्या कोणी कोर्टात दाखवलं तर आपल्यावरच येईन."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ज्या वहीने गावचा पट पन्नास-पंचावन्न वर्षं चालत आल्याचं सिद्ध होतं, त्याच वहीत बंदी मागणाऱ्यांचा सगळ्यात पक्का पुरावा होता. आणि तो कुणी बाहेरून येऊन गोळा केलेला नव्हता. जोडी हाकणाऱ्यानेच लिहून ठेवला होता. मी मित्राच्या तोंडाकडे पाहत होतो. मला स्वतःला काय हवं होतं ते नीट सांगता येणार नाही. इतिहास लिहिणारा माणूस म्हणून ते पान हवं होतं. मित्र म्हणून वाटत होतं, बापाचं पान आहे, त्याला वाटलं तर मिटू दे.

मित्राने पानावरची धूळ पुसली.

"हे बी घे," तो म्हणाला. "तो फलक लावला ना तुमी तिकडे, तुतारी आणू नका म्हणून? तो सरकारनं लावाच्या आधी माह्या बाबानं लावला होता. असं लिही खाली."

मुलाने फोटो काढला.

चारच्या सुमारास मित्राच्या पुतण्याची जोडी सुटली. वर धुरकरी, हातात फक्त कासरा. माइकवरचा माणूस ओरडत होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभ्या असलेल्या बाया ओरडत होत्या, मीही ओरडलो. धूळ खाली बसली तेव्हा जोडी अर्ध्या सेकंदाने मागे पडली होती. पुतण्या बैलांच्या अंगावरून हात फिरवत परत आला. डावीकडच्या बैलाच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. मित्र त्याच्या पुढच्या पायांशी उकिडवा बसला आणि गुडघ्यापासून खुरापर्यंत दोन्ही पाय दाबून पाहिले. बराच वेळ पाहिले.

मग उठला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि वहीत तारीख घातली. पुतण्याला हाक मारून विचारलं, "याच्या मायचं नाव काय रे?"

पुतण्याने सांगितलं. बापाचंही सांगितलं. आजोबाचं त्याला माहीत नव्हतं. "ज्यांच्याकडून घेतला त्यांना रात्री फोन करून इचारतो," म्हणाला.

मित्राने तेवढी जागा कोरी सोडली आणि पुढे लिहिलं: हरलो.